सैनिकाची फाईल आणि सरकारी वकील

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



‘कायद्याचे शिक्षण आणि सरकारी काम’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी संस्थेच्या चालकांची इच्छा आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून या विषयातला एकच कोपरा मी निवडला आहे. माजी सैनिकांच्या खटल्यांत केंद्र सरकारच्या बाजूने उभा राहणारा वकील म्हणून मी अनेक वर्षे काम केले. ते काम काय असते, त्यात जायचे कसे, आणि आपल्या मुलामुलींनी त्यात का यावे, एवढेच आज सांगणार आहे.

आपल्याकडे मुलगा हुशार निघाला की त्याने डॉक्टर व्हावे किंवा इंजिनिअर व्हावे, असे घरात ठरून जाते. कोणी वकिलीचे नाव काढले तर घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, “बेटा, भांडणाचा धंदा कशाला करतोस?” माझ्या बाबतीत तर आणखी एक प्रश्न असे. आमचे एक चाचा मला प्रत्येक ईदला विचारीत, “देशासाठी ज्यांनी उमेद घालवली, त्या जवानांच्या विरोधात तू उभा राहतोस. तुला झोप कशी लागते?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आज मी तुमच्यापुढे ठेवणार आहे, कारण या पेशाचे सगळे मर्म त्या उत्तरातच आहे.

प्रथम हे खटले निघतात कशामुळे ते पाहू. सैन्यातील शिपाई इतर नोकरदारांप्रमाणे साठीला निवृत्त होत नाही. अठरा-एकोणीसव्या वर्षी भरती झालेला जवान साधारण पंधरा-सतरा वर्षे सेवा करून पस्तिशीतच घरी येतो. शिपायाला पेन्शनसाठी १५ वर्षांची आणि अधिकाऱ्याला २० वर्षांची सेवा लागते, असा सर्वसाधारण नियम. पुढची तीस-चाळीस वर्षे त्या पेन्शनवर आणि मिळेल त्या दुसऱ्या कामावर काढायची असतात. कोणी जखमी होऊन येतो, कोणी आजार घेऊन येतो, कोणी येतच नाही आणि त्याची पत्नी मागे राहते. यातील प्रत्येकासाठी वेगळी पेन्शन आहे, वेगळा नियम आहे आणि वेगळा कागद आहे. (२०२२ पासून अग्निपथ योजनेखाली चार वर्षांसाठी भरती होते. त्या अग्निवीरांना ठरावीक सेवानिधी मिळतो, पेन्शन नाही. फक्त जास्तीत जास्त पंचवीस टक्के तरुण पुढे नियमित सेवेत घेतले जातात. ज्या पालकांची मुले भरतीची तयारी करीत आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.)

पेन्शन ही सरकारची मेहेरबानी आहे, असा समज पूर्वी फार होता. तो समज न्यायालयांनीच दूर केला. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा यांच्या खटल्यात निकाल दिला. सरकारने पेन्शनचा सुधारलेला हिशेब १९७९ मधील एका ठरावीक तारखेनंतर निवृत्त झालेल्यांनाच लागू केला होता. त्याआधी निवृत्त झालेला म्हातारा माणूस त्याच कामाबद्दल कमी पैसे घेत होता. न्यायालयाने सांगितले की पेन्शन ही खैरात नाही. केलेल्या सेवेबद्दलचा तो हक्क आहे, आणि केवळ तारखेची रेघ ओढून सारख्या माणसांत भेद करता येणार नाही. हा निकाल सैन्यातील पेन्शनरांनाही लागू पडला. आजही पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर हा दिवस पाळतात, तो यामुळेच.

पूर्वी हे खटले उच्च न्यायालयांत आणि दिवाणी न्यायालयांत वर्षानुवर्षे पडून राहत. म्हणून संसदेने २००७ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा केला आणि ऑगस्ट २००९ पासून हे न्यायाधिकरण काम करू लागले. त्याचे मुख्य पीठ दिल्लीला आहे. आपल्यासाठी मुंबईचे पीठ आहे आणि महाराष्ट्र, गोवा, गुजरात येथील अर्ज तेथे चालतात. म्हणजे तलासरीचा जवान असो की सीमेपलीकडच्या उंबरगावचा, दोघांचीही दाद एकाच ठिकाणी. पीठावर एक न्यायिक सदस्य बसतात, जे बहुधा उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात, आणि दुसरे सैन्यातील निवृत्त वरिष्ठ अधिकारी. एकाला कायद्याची जाण, दुसऱ्याला पलटणीची. समोर एका बाजूला जवानाचा वकील आणि दुसऱ्या बाजूला भारत सरकारचा वकील. ती दुसरी खुर्ची माझी होती.

आता या सरकारी वकिलाचे काम पाहा. लोकांना वाटते, तो उभा राहून मोठमोठ्याने बोलत असेल. वस्तुतः बोलणे थोडे आणि वाचणे फार. जवानाचा अर्ज दाखल झाला की त्याच्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडून फाईल मागवायची. मराठा लाइट इन्फन्ट्रीची फाईल बेळगावहून येणार, महार रेजिमेंटची सागरहून, ग्रेनेडियर्सची जबलपूरहून. पेन्शनचा हुकूम निघतो तो प्रयागराजच्या लेखा कार्यालयातून. फाईल आली की भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, बदल्यांची नोंद, इस्पितळाचे कागद, मेडिकल बोर्डाचा अहवाल, पेन्शन नाकारल्याचे पत्र, त्यावर जवानाने केलेली अपिले, हे सारे क्रमाने वाचायचे. मग सरकारचे उत्तर, म्हणजे प्रतिज्ञापत्र, तयार करायचे. शेवटी न्यायाधिकरणाचा निकाल लागला की त्यावर अपील करावे किंवा न करावे याबद्दल सरकारला लेखी मत द्यायचे. माझ्या मते या शेवटच्या कागदावरच वकिलाची खरी परीक्षा होते.

एक प्रत्यक्ष खटला सांगतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. धरमवीर सिंग हा जवान १९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती झाला. १९९४ मध्ये त्याला अपस्माराच्या विकारामुळे, म्हणजे फिट येत असल्यामुळे, सैन्यातून घरी पाठवण्यात आले. अपंगत्व २० टक्के ठरले. मेडिकल बोर्डाने लिहिले की हा आजार त्याच्या प्रकृतीतलाच आहे, सैन्यसेवेशी त्याचा संबंध नाही. त्या एका वाक्यामुळे अपंगत्वाची पेन्शन नाकारली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जुलै २०१३ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने साधी गोष्ट विचारली. भरतीच्या वेळी तुमच्याच डॉक्टरांनी त्याला तपासले. त्या कागदावर हा आजार नोंदलेला आहे काय? नसेल तर तो आला तेव्हा निरोगी होता असे धरले पाहिजे. पुढे झालेला आजार सेवेमुळे झालेला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, जवानाची नव्हे. शंका उरली तर तिचा फायदा जवानाला. धरमवीर सिंगला पेन्शन मिळाली आणि त्याच्यासारख्या असंख्य जवानांचा मार्ग मोकळा झाला.

विद्यार्थी मित्रांनो, या खटल्यात कोणते गूढ शास्त्र होते? भरतीच्या दिवसाचा एक कागद आणि नियमातील एक ओळ. ज्याने तो कागद काळजीपूर्वक वाचला त्याला निकाल आधीच दिसला असता. तेव्हा माझ्या चाचांना मी जे उत्तर देत असे ते असे: “चाचाजान, मी जवानाच्या विरोधात उभा राहत नाही. मी फाईलच्या बाजूने उभा राहतो. जवानाचे म्हणणे फाईलमध्ये खरे ठरत असेल, तर तसे सरकारला लिहून कळवणे हेच माझे काम आहे. तसे न लिहिता मी नुसता लढत राहिलो, तर सरकारचाही पैसा जातो आणि जवानाचेही आयुष्य जाते.” सरकारी वकिलाचे अशील सरकार असते हे खरे. पण सरकार म्हणजे कोणी सावकार नव्हे. योग्य माणसाला योग्य ते मिळाले तर त्यात सरकार हरत नाही.

ही काही माझी एकट्याची कल्पना नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८० व्या कलमात सरकारवर दावा करण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी असे १९०८ पासून लिहिले आहे. हेतू हाच की सरकारने त्या दोन महिन्यांत विचार करावा आणि दावा खरा असेल तर कोर्टाची पायरी न चढता मिटवावा. २०१५ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी सैन्यातील खटल्यांचा विचार करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. अपंग सैनिकांविरुद्ध होणारी अनावश्यक अपिले थांबवावीत, असाच त्या समितीचा रोख होता. पण समित्या शिफारस करतात आणि ती कागदावर राहते. ती खरी करायला फाईल हाती घेतलेला माणूस लागतो. तो माणूस धीट, अभ्यासू आणि प्रामाणिक असेल, तरच “हे अपील करू नये” असे स्वतःच्या सहीने लिहील.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक दावा खरा नसतो. स्वखुशीने आठ वर्षांत नोकरी सोडून आलेला माणूस पूर्ण सेवेची पेन्शन मागतो. कोणी रजेवर असताना स्वतःच्या खाजगी कामात झालेल्या इजेला सेवेतील जखम म्हणतो. अशा वेळी ‘नाही’ म्हणणेही सरकारी वकिलाचेच कर्तव्य आहे. तो पैसा जनतेचा आहे, चिकूच्या वाडीत राबणाऱ्या मजुराच्या कराचाही आहे. डोळ्यांत पाणी आणून मागितले म्हणून कायदा बदलत नाही आणि गरीब आहे म्हणून नाकारताही येत नाही. दोन्हीकडे तराजू सारखा.

कायदा किती बारकाईने वाचावा लागतो त्याचे आणखी एक उदाहरण. अपंगत्वाची टक्केवारी ठरल्यावर तिच्यात नियमाने वाढ धरली जाते. पन्नास टक्क्यांहून कमी असेल तर ती पन्नास धरायची, त्यावर पंचाहत्तरपर्यंत असेल तर पंचाहत्तर, आणि त्याहून अधिक असेल तर शंभर. सरकार हा फायदा अपंगत्वामुळे मध्येच घरी पाठवलेल्यांनाच देत असे. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्या अपंग जवानाला नाही. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो भेद मान्य केला नाही. म्हणजे ज्याचे अपंगत्व वीस टक्के, त्याच्या हातात पन्नास टक्क्यांच्या हिशेबाने रक्कम. एवढा मोठा फरक एका निकालाने पडतो. पुन्हा २१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्वाच्या पेन्शनचे नवे नियम आले. त्यामुळे जवान कोणत्या तारखेला घरी आला, हे पाहिल्याशिवाय सल्ला देता येत नाही. ज्याला तारखा पाठ करण्याचा कंटाळा आहे, त्याने या पेशात येऊ नये.

आणि जो उशीर करतो त्याचे काय होते? तरसेम सिंग नावाच्या जवानाला १९८३ मध्ये प्रकृतीच्या कारणाने घरी पाठवले होते. पेन्शनसाठी तो कोर्टात गेला १९९९ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी. ऑगस्ट २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दरमहा न मिळणारी पेन्शन हा दरमहा नव्याने होणारा अन्याय आहे, म्हणून उशीर झाला तरी हक्क बुडत नाही. पण मागची थकबाकी मात्र कोर्टात येण्यापूर्वीच्या तीनच वर्षांची मिळेल. सोळा वर्षांपैकी तेरा वर्षांचा पैसा गेला. तो काही त्याच्या शौर्यात कमतरता होती म्हणून गेला नाही. दारी येऊन “अर्ज कर” असे सांगणारा शिकलेला माणूस त्याला वेळेवर भेटला नसेल, म्हणून गेला असेल.

येथे मी पालकांकडे वळतो. आपल्या भागात फाईल अडते ती बहुतेक कायद्यामुळे नव्हे, नावामुळे अडते. एका बाईचे नाव शाळेच्या दाखल्यात एक, निकाहनाम्यात उर्दूत दुसरे, आधार कार्डावर तिसरे आणि पतीच्या सैन्यातील नोंदीत चौथे. ‘शेख’ हे आडनावच इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिले जाते. बीबी, बी, बानू, खातून हे कधी नावाला जोडतात, कधी गाळतात. गुजराती शाळेत शिकलेल्याचे स्पेलिंग वेगळे, मराठी शाळेतल्याचे वेगळे. घरात या गोष्टीला कोणी किंमत देत नाही. पण जवान गेल्यावर कुटुंब पेन्शनचा कागद त्या बाईसमोर येतो, तेव्हा कारकून विचारतो, “ही आणि ती एकच कशावरून?” तो कारकून दुष्ट नसतो, त्याला कागदावर उत्तर हवे असते.

यात आपल्या भूगोलाचीही भर आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातील कित्येक गावे गुजरातेत गेली. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचेही दोन भाग होऊन आपण पालघर जिल्ह्यात आलो. जुन्या जवानाच्या सेवानोंदीत ‘जिल्हा ठाणे’ लिहिलेले, आजच्या रहिवासी दाखल्यावर ‘जिल्हा पालघर’. गाव तेच, विहीर तीच, मशिदीचा मिनारही तोच. पण दूरच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला ही दोन वेगळी माणसे वाटतात. हे समजावून सांगणारे एक पानाचे प्रतिज्ञापत्र आपल्या भागातील वकिलाला पाच मिनिटांत सुचते.

तेव्हा माझी पालकांना हात जोडून विनंती आहे. मुलाचे नाव शाळेत घालताना स्पेलिंग एकदा ठरवा आणि ते सर्वत्र तसेच ठेवा. जन्माची नोंद करा. निकाह झाला की निकाहनामा तर जपून ठेवाच, शिवाय महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाहाची नोंदही करून घ्या. घरातील कोणी सैन्यात असेल तर लग्न, मुलांचे जन्म, हे पलटणीला कळवून तेथील हुकुमात चढवून घ्या. जवान जिवंत असताना चढलेली एक ओळ, त्याच्या मागे त्याच्या पत्नीला शंभर हेलपाट्यांतून वाचवते. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात रणगाडे उद्ध्वस्त करून शहीद झालेले हवालदार अब्दुल हमीद यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो आणि घेतलेच पाहिजे. पण जवानाच्या घरात सन्मानाचे पदक भिंतीवर असते आणि चूल पेन्शनवर पेटते. दोन्हींची काळजी घेणे समाजाचे काम आहे.

हे काम केवळ आपल्या मोहल्ल्यापुरते नाही. डहाणू आणि तलासरी हे आदिवासी बहुसंख्येचे तालुके. वारली समाजात लग्न रीतिरिवाजाने होते, धवलेरी ते लावते, गाव साक्षीला असतो. कागद मात्र नसतो. अशा घरातला मुलगा पलटणीत किंवा पोलिसात गेला आणि काही बरेवाईट झाले, तर त्याच्या पत्नीपुढे आपल्यापेक्षाही मोठी अडचण. आपली मुले मराठी शिकतात, बाजारात गुजराती बोलतात, घरी उर्दू किंवा हिंदी बोलतात आणि वारली बोली त्यांच्या कानावर जन्मापासून असते. चार भाषा येणारा वकील मुंबईत शोधूनही सापडत नाही. ज्याला आपण मागासलेपणा समजतो, ती आपल्या मुलांची शिदोरी आहे.

आणि कायद्याचे सामर्थ्य डहाणूकरांना मी काय सांगावे? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये डहाणू तालुक्यासाठी स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी अनेक वर्षे त्याचे अध्यक्षपद सांभाळले. एका निकालाचा वाडीवर, समुद्रावर आणि पोटावर कसा परिणाम होतो, हे या तालुक्याने पाहिले आहे.

आता विद्यार्थ्यांसाठी वाट सांगतो. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा कोणतीही पदवी घेतल्यावर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो. शाखा कोणतीही चालते. कला शाखेच्या मुलाने कमीपणा मानू नये. महाराष्ट्रातील प्रवेशासाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासून चालू आहे आणि चर्चगेटच्या जवळच आहे. आपल्या डहाणू रोड स्टेशनला २०१३ पासून लोकल येते. प्रवास लांबचा आहे, पण अशक्य नाही. पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद घ्यायची आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हायची. मग काही वर्षे तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात चांगल्या सीनियरच्या हाताखाली काम करायचे. ही वर्षे फुकट गेली असे समजू नका. साक्षीदाराला प्रश्न कसा विचारावा, सातबारा कसा वाचावा, हे तेथेच कळते.

पुढे वाटा फुटतात. फौजदारी खटल्यांत सरकारतर्फे सरकारी अभियोक्ता उभा राहतो. सहायक सरकारी अभियोक्त्याची निवड लोकसेवा आयोगामार्फत होते. दिवाणी दाव्यांत सरकारी वकील असतो. त्याची नेमणूक होते. केंद्र सरकार आपल्या खटल्यांसाठी वकिलांची यादी ठेवते, तिला पॅनेल म्हणतात. माजी सैनिकांचे खटले याच वाटेने हाती येतात. एक गोष्ट स्पष्ट सांगतो, पॅनेलच्या वकिलाला पगार नसतो, कामाप्रमाणे फी असते आणि बिल ताबडतोब वटेलच असे नाही. ज्याला पहिल्या तारखेचा पगार हवा त्याने लोकसेवा आयोगाची वाट धरावी. न्यायाधीश व्हायचे असेल तर मे २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर किमान तीन वर्षांची वकिली आवश्यक झाली आहे.

ज्यांना गणवेशाची ओढ आहे त्यांच्यासाठी सैन्याची स्वतःची कायदा शाखा आहे. तिला जज अ‍ॅडव्होकेट जनरल शाखा म्हणतात. कायद्याच्या पदवीत ५५ टक्के गुण, वय २१ ते २७, निवड मंडळाची मुलाखत आणि चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण, अशी ती वाट आहे. आणि मुलींनो, हे नीट ऐका. या शाखेत पुरुषांना जास्त आणि स्त्रियांना कमी जागा ठेवण्याची पद्धत होती. अर्शनूर कौर या उमेदवाराने ती आव्हानित केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. आता गुणवत्तेने निवड.

ज्या पालकांना मुलीला कायद्याला घालण्याचा संकोच वाटतो, त्यांनी केरळच्या फातिमा बीवी यांचे चरित्र पाहावे. त्यांच्या वडिलांनीच त्यांना कायदा शिकण्याचा आग्रह केला. १९५० मध्ये त्यांनी वकिली सुरू केली, १९५८ मध्ये मुन्सफ झाल्या आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. एका बापाच्या आग्रहाचे फळ असे लागले. आणि मुलांसाठी आपल्या नागपूरचे उदाहरण. महंमद हिदायतुल्ला यांनी १९३० मध्ये नागपूरला वकिली सुरू केली. १९४२ मध्ये ते सरकारी वकील झाले, पुढच्याच वर्षी मध्य प्रांताचे अ‍ॅडव्होकेट जनरल झाले आणि १९६८ मध्ये भारताचे सरन्यायाधीश. सरकारी वकिलाच्या खुर्चीपासून देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंतची वाट त्यांनी आपल्याच मातीत चालून दाखवली.

सर्वांनाच वकील होणे शक्य नाही, याची मला जाणीव आहे. तरी प्रत्येकाला काहीतरी करता येईल. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. जुलै २०२५ मध्ये सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहाय्यता योजना सुरू झाली असून सैनिक कल्याण कार्यालयांतून कायद्याची मदत देण्याची तिची कल्पना आहे. हे आपल्या गावातील माजी सैनिकाला किंवा त्याच्या पत्नीला कोण सांगणार? दहावी-बारावीतला मुलगासुद्धा सांगू शकतो. न्यायाधिकरणात जाण्याची मुदत अंतिम नकार मिळाल्यापासून साधारण सहा महिन्यांची असते, म्हणून नकाराचे पत्र ट्रंकेत घालून ठेवू नका, एवढे सांगितले तरी एखाद्या घराचे भले होईल.

दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन येतो. आपण डब्यात नाणे टाकतो, छातीला छोटा झेंडा लावतो. ते चांगलेच आहे. या वर्षी संस्थेच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या जोडीला आणखी एक काम करावे, अशी माझी सूचना आहे. आपल्या गावात, पाड्यावर, मोहल्ल्यात माजी सैनिक किंवा सैनिकाची विधवा असेल तर त्यांच्या घरी जावे आणि कागद एकदा वाचून द्यावेत. नाव, जन्मतारीख, लग्नाची नोंद, पेन्शनचा हुकूम, एवढे चार कागद जुळतात की नाही ते पाहावे. जुळत नसतील तर शिक्षकांना सांगावे. शिक्षक वकिलाला सांगतील. यात एका पैशाचा खर्च नाही. आणि हे काम करताना ज्या मुलाला किंवा मुलीला त्या कागदात गोडी वाटेल, त्याच्या पालकांनी समजावे की आपल्या घरात एक वकील जन्माला आला आहे. त्याला अडवू नका.

 संस्थेच्या मुलामुलींच्या हातून देशाची आणि शेजाऱ्याची सेवा घडो, अशी दुवा करून मी आपली रजा घेतो. जय हिंद, जय महाराष्ट्र.